एका कप्प्यात एकच कार्ड

३ मार्च, मंगळवार
लंबू गायब! आमच्या बास्केटबॉल संघाच्या कर्णधाराचं पहिल्या हंगामाचं फोटोचं कार्ड – अल्बममधला त्याचा कप्पा रिकामा! बाकी सगळे गडी जागच्या जागी. रविवारी मीच जुन्या अल्बममधून नव्यात लावत होतो, तेव्हा हातात होतं. मग मेहुणा टपकला. हात न धुता पानं उलटत बसला. "एवढ्याशा पुठ्ठ्याला काय जपता भावोजी! लेकरू आहे का?"
लेकरूच आहे.

४ मार्च
कपाट, पलंगाखाली, केराची बादलीसुद्धा. नाही.
बायकोला म्हटलं, तुझ्या भावालाच विचारतो. तिने इस्त्री आपटली. "विचारा की! पण मग माझ्या माहेरचं माणूस या घराचा उंबरा चढायचं नाही, सांगून ठेवते."
फोन उचलला. ठेवला.

५ मार्च
संशय जात नाही. जेवण जात नाही.

७ मार्च
सापडलं! सापडलं!!
बुटक्याच्या मागे! बुटक्या म्हणजे संघातला सगळ्यांत ठेंगणा गडी. त्याचा कप्पा फुगलेला वाटला, बोटाने चाचपला – मागे लंबू! आता आठवलं. रविवारी दाराशी मेहुण्याचा आवाज आला, आणि त्याच्या तेलकट बोटांपासून वाचवायला मीच दिसेल त्या कप्प्यात सरकवलं. एका कप्प्यात एकच कार्ड – हा नियम मीच केलेला, कुणी शिकवला नव्हता. मोडलाही मीच.
चारही कोपरे शाबूत. हुश्श!
त्याहून मोठं हुश्श त्या न केलेल्या फोनचं. कार्ड कप्प्यात परत घालता येतं. बोललेला शब्द कुठे घातला असता?
बायको एवढंच म्हणाली, "आता जेवा तरी." दोनदा वाढून घेतलं.

८ मार्च, रविवार
मेहुणा आला. आल्या आल्या हात धुतले – साबणाने! मग खिशातून रुमालाची घडी काढली. आत लंबू!
"ताई म्हणाली तुमचं हरवलं. सगळा जुना बाजार पालथा घातला, भावोजी. खरं आहे ना बघा. तुम्हालाच त्यातलं कळतं."
भिंग लावलं. नावाची काळी अक्षरं ठिपक्याठिपक्यांची. खऱ्या कार्डावर ती सलग काळी असतात. नक्कल! शंका घ्यायलाही जागा नाही. बायको दारातून माझ्या तोंडाकडे बघत होती.
"अस्सल आहे," म्हणालो.

९ मार्च
लंबूच्या कप्प्यात आता मेहुण्याचं कार्ड. माझं त्याच्या मागे. एका कप्प्यात दोन – असू देत.