उलट्या शंखाची गोगलगाय

लँकेशायर, १७८७

रूबेनदादास,

लंडनहून आलेली नवी छीट, वेलबुट्टी छापलेलं कापड, इथल्या मालकांनी माझ्यापुढे टाकली. "सायलस, आठवड्यात या नक्षीचा अस्साच लाकडी ठसा कोर. आपण निम्म्या भावात विकू." मी नक्षीतलं पानन् पान कोरलं.

काल छापलेल्या कापडावर गोगलगाय दिसली, शंख उलटा वळलेला. अशी खूण फक्त तूच काढतोस. मूळ छिटीवर पानांच्या गर्दीत ती नजरेतून सुटली, आणि ठशावर सगळं उलटं कोरतात, त्यामुळे तिथे ती मला सरळच वाटली होती. दादा, मी तुझाच नमुना चोरला.

आज तागे बाजारात गेले. मी इथे ठसे कोरतो हे तुझ्या लंडनच्या मालकांना ठाऊक आहे. "नमुना भावाला विकलास काय रे?" म्हणत ते तुला शिपायांच्या हवाली करतील. त्याआधी तू तिथून पळ, एवढंच कळवायचंय.

पण तुला वाचता येत नाही. तुझी पत्रं तुझ्या मालकांचा मुकादमच वाचून दाखवतो.

तुझा धाकटा,
सायलस