ड्रायव्हरच्या कानात कोणी बोलू नये

२ मार्च, रविवार
सीझनची पहिली रेस बघितली. मोटर रेसिंग मेलं. रागाने लिहीत नाही, शांतपणे लिहितोय.

मिसरूड फुटल्यापासून एक रेस चुकवली नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा मधेच उठून कोण पुढे आहे ते विचारून आलो होतो. सासरे अजून तो विषय काढतात. आणि आता? गाड्यांना आवाजच नाही. डासासारख्या गुणगुणत जातात. पूर्वी इंजिन छातीत वाजायचं. वर ड्रायव्हरच्या कानात रेडिओ. टायर सांभाळ, पेट्रोल वाचव, पुढच्याच्या नादी लागू नको. आणि हा वाघ म्हणतो, ‘कॉपी’, म्हणजे ऐकलं, तसंच करतो. खऱ्या ड्रायव्हरच्या कानात कोणी बोलत नसे.

आजपासून रेस बंद. कायमची.

५ मार्च
ही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते. काय म्हणालीस विचारलं की ‘काही नाही’. ते मात्र नीट ऐकू येतं.

त्यापेक्षा गॅरेज बरं. बॉनेट उघडायचं, कान द्यायचा, दुखणं सांगायचं. लोक लांबून येतात, म्हणतात मिस्त्रींना ऐकवायची आहे. पण मालकाने आता एक इंजिनिअर मुलगी नेमली आहे. ती गाडीला लॅपटॉप जोडते आणि लॅपटॉप सांगेल ते खरं. मी तिला लॅपटॉपवाली म्हणतो. रेसिंगला लागलेली कीड आमच्या गॅरेजपर्यंत पोचली.

१६ मार्च, रविवार
रेस बघितली. बहिष्कार टाकायचा तर कशावर टाकतोय ते माहीत हवं. टीव्हीचा आवाज शेवटपर्यंत नेला तरी डास ते डासच.

शेजारी आला. बेल वाजवून बोट दुखलं म्हणे. बेल बिघडली असणार. टीव्ही हळू करा म्हणाला. म्हटलं, ते काम रेसिंगवाल्यांनी आधीच केलंय. तो हिच्याकडे बघत राहिला, ही त्याच्याकडे. दोघांनाही रेसिंग कळत नाही.

१९ मार्च
बँक मॅनेजरची राखाडी गाडी गेल्या आठवड्यात मी पास केली होती. इंजिन लोण्यासारखं, असं स्वतः सांगितलं होतं. आज ती दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली. बेअरिंग गेलेलं. लॅपटॉपवाली म्हणाली, इतकं खडखडत असणार की रस्त्यावरून ऐकू आलं असतं. आजकालची बेअरिंगं आवाज न करताच मरतात, त्याला मी काय करू?

मालक ओरडला नाही. जवळ येऊन सावकाश बोलला, म्हणजे प्रकरण गंभीर. मला काउंटरवर बसवलं. तात्पुरतं म्हणाला. दिवसभर पावत्या फाडल्या. घरी सांगितलेलं नाही, कारण तात्पुरतंच आहे.

२३ मार्च, रविवार
आता पुरावाच देतो म्हटलं. माळ्यावरून जुन्या रेसची कॅसेट आणि प्लेअर काढला. तो काळ, ती इंजिनं. हिला बसवलं, शेजाऱ्याला बोलावलं. म्हटलं, ऐका, याला म्हणतात आवाज. बटण पूर्ण फिरवलं.

डास.

तीच रेस, तोच पाऊस, त्याच गाड्या, आणि डास. मी वळलो. शेजाऱ्याचे दोन्ही हात कानांवर होते. हिचेही. कपाटाच्या काचेवर हात ठेवून पाहिला, तर काच थरथरत होती.

कॅसेट झिजली आहे.

२४ मार्च
कॅसेट झिजलेली नाही.

भीती वाटते. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय? मला दुसरं काही येत नाही. फक्त ऐकता येतं. तेच गेलं तर मी त्या गॅरेजमध्ये कोण? पावत्या फाडणारा म्हातारा.

हिला सगळं सांगितलं, काउंटरसकट. ती समोर येऊन बसली आणि शब्द सुटे करून म्हणाली, “दोन वर्षं तेच सांगतेय. तुम्ही म्हणायचात, मी पुटपुटते.”

२८ मार्च
कानाच्या डॉक्टरांनी एका पेटीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. निम्म्या त्यांनी वाजवल्याच नाहीत असं माझं मत आहे. मशीन लावावं लागेल म्हणाले. कानात मशीन घालून इंजिन ऐकणार? मग लॅपटॉपने काय घोडं मारलं होतं? नाही म्हणजे नाही.

२ एप्रिल
मशीन लावलं. फक्त रेसपुरतं.

कारण काल ही भांडी घासत होती, ती ऐकताना, म्हणजे न ऐकताना, सुचलं. कान माझे गेलेत, तर रेसिंग शाबूत आहे. इतके दिवस बिचाऱ्याला उगाच शिव्या घातल्या. आता रविवार कधी येतो असं झालंय.

६ एप्रिल, रविवार
आवाज आला. छातीत नाही, पण आला. डोळे भरून आले. हिने विचारलं, काय झालं? तेही ऐकू आलं.

मग रेडिओ ऐकू आला. टायर सांभाळ. मागेच राहा. कॉपी. अख्ख्या रेसमध्ये कोणी कोणाला गाठलं नाही. शेवटी सगळे ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने घरी गेले.

म्हणजे माझे कानही गेलेत आणि रेसिंगही मेलंय. एकाला वाचवायला दुसऱ्याचा बळी दिला, तोही फुकट गेला. इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

बहिष्कार. या वेळी खरा.

७ एप्रिल
मालकाने काउंटरवरून उठवलं. अट एकच, कानात मशीन हवं आणि मी ऐकलेलं लॅपटॉपवाली तपासणार. मान हलवली. न हलवून जातो कुठे?

तिने माझं मशीन फोनला जोडून दिलं. आता फोनवर बोललेलं थेट कानात येतं. हिरव्या गाडीवर वाकलो होतो, तर पलीकडून तिचा आवाज थेट डोक्यात. घाई नको, आधी इंजिन थंड होऊ द्या. हात मागे घेतला.

संध्याकाळी घरी निघालो. पुढे एक टेम्पो रांगत होता. समोर रस्ता रिकामा. तेवढ्यात कानात ही. कुठे आहात? म्हटलं, टेम्पोच्या मागे अडकलोय, काढतो पुढे.

“मागेच राहा,” ती म्हणाली.

मी ‘बरं’ म्हणणार होतो. तोंडातून ‘कॉपी’ निघालं.