साहेबाचं काम

पुणे, जानेवारी १९३९

प्रिय आय,

तुझ्या ऑगस्टीनचा पाया पडून नमस्कार. टेरेझा, आयला हे सावकाश वाचून दाखव.

मी खुशाल आहे. खोकला थांबलाय, दोन्ही वेळा जेवतोय. बाबांची होडी दुरुस्त झाली का?

इथं डोक्याला एक ताप झालाय. कॉलेजच्या नाटकात आपल्यासारखा एक कोळी आहे आणि एक गोरा साहेब. मी ख्रिस्ती, म्हणून साहेबाचं काम मला! अख्ख्या वर्गात माझ्याइतकं मोडकं इंग्रजी कुणाचं नाही. आणि कोळी कोण, तर पेठेतला आपटे. त्यानं समुद्र फक्त चित्रात पाहिलाय. वल्हं झाडूसारखं धरतो.

वर्गात माझ्या तोंडून 'न्हाय' निघालं की पोरं हसतात. तालमीत आपटे 'न्हाय' म्हणाला की टाळ्या! आणि त्याला ते शिकवायचं कुणी? मीच.

सरांना म्हटलं, मला मराठी घेऊन बी.ए. करायचंय, मास्तर व्हायचंय. तर म्हणाले, "तुमच्या लोकांना रेल्वेत पटकन घेतात. मराठी घेऊन काय करणार?" बाबाही तेच म्हणतील, ठाऊक आहे. पण मी मराठीच घेणार. त्यांना तूच समजाव.

सुकट पाठव. खोलीतल्यांनी नाकं मुरडली तर मुरडू देत.

काल आपटे विचारत होता, तुमच्या उत्तनची कोळीण पोराला लाडानं काय हाक मारते? बाकी सगळं शिकवलं त्याला. तू मला मारतेस ती हाक मात्र सांगितली न्हाय.

तुझाच,
ऑगस्टीन