हसऱ्या फोटोखालचा मजकूर

आई, आज साकोलीला बस चुकली म्हणून महामार्गावरच्या एका नव्या दुकानात शिरले. नागझिऱ्याला जाणाऱ्या पर्यटकांसाठी थाटलेलं, आत गारेगार. कोसा रेशमाच्या एका ओढणीला लेबल लटकत होतं आणि त्यावर तू हसत होतीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तू तिथे! आधी डोळे भरून आले. मग खालचा मजकूर वाचला: ‘या ताईंच्या घरी दोन वेळची चूल पेटत नव्हती. तुमच्या खरेदीने ती पेटली.’ माझं डोकंच फिरलं.

चूल पेटत नव्हती? मग हा फोटो काढला त्या दिवशी कंपनीच्या लोकांनी खाल्लं काय? आपला जिल्हा तुटून दोन झाले, त्यानंतर काही वर्षांनी ती मंडळी गाडी करून आपल्या घरी आली होती. आमची कंपनी धंद्यातून समाजाचे प्रश्न सोडवते, असं त्यांचा साहेब समजावून सांगतोय. तू हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली, हात न थांबवता म्हणतेस, ‘प्रश्न मंग पाहू जी. आधी कपड्याचा भाव सांगा.’ भाव ठरला, चांगला ठरला, ते मी नाकारत नाही. मग तू उठून सगळ्यांना वडाभात वाढलास. साहेबाने दोनदा मागून घेतला. जेवणं झाल्यावर फोटोवाला म्हणाला, ‘ताई, थोडं दुःखी दिसा ना.’ आणि तुला जे हसू फुटलं! ‘काहून जी? मी का मयतीले बसून राहिली?’ तोंडाला पदर लावायचंही भान राहिलं नाही तुला. तेवढ्यात त्याने बटण दाबलं.

म्हणजे हवं ते रडू सापडलं नाही, तर तेच हसू त्यांनी आपल्या पुण्याईचा पुरावा म्हणून टांगलं. खुशाल धंदा करा, नफा कमवा, त्यात विणणाऱ्याचं भलं होत असेल तर आम्ही डोक्यावर घेऊ. पण त्यासाठी तुला आधी उपाशी कशाला ठरवायचं? कापड चांगलं आहे, एवढं लिहून भागत नव्हतं? दुकानातल्या मुलीला म्हटलं, ही माझी आई आहे आणि हे धादांत खोटं आहे. ती बिचारी गोंधळली. ‘पण मॅडम, हे वाचलं का लोकं घासाघीसच नाही करत जी.’ तू तर तास तास घासाघीस करणारी बाई. कुणी न भांडता पैसे टाकले, की कापडाची कीव केली असं वाटून दिवसभर फुगून बसायचीस.

घरी येऊन कंपनीला खरमरीत पत्र लिहायला घेतलं. ते राहिलं बाजूला आणि हे तुला लिहीत सुटले, जे कुठल्या टपालात पडायचं नाही. आपल्याकडे तुझे दोनच फोटो आहेत, एक लग्नातला, एक रेशन कार्डासाठी काढलेला, आणि दोन्हींत तू ओठ घट्ट मिटून बसली आहेस. म्हणून सांगते, रागावू नकोस. ती ओढणी मी विकत घेतली, तीही घासाघीस न करता. लेबलावरचा मजकूर कात्रीने कापून टाकला आणि तुला आरशाच्या चौकटीत खोचलं. कंपनीच्या पत्रात बाकी सगळं लिहून झालंय. फक्त ‘माझ्या आईचा फोटो उतरवा’ एवढं काही लिहवत नाही.