पार्मिना आणि रश्श्याची बादली

मावशी, आज वर्गात सात सेवकांचा धडा घेतला आणि घरी आल्यापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. आता आमची संडे स्कूल खरोखरच रविवारी भरते. तुमच्या वेळी इथे शारजात सुट्टी शुक्रवारची, म्हणून संडे स्कूलही शुक्रवारी, आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटायचं नाही. क्लिनिकमधली रात्रपाळी संपवून तुम्ही तशाच यायचात, डोळे तांबारलेले, आणि सरळ गोष्टीला हात घालायचात. मी तेव्हा दहा वर्षांची, अल मजाजच्या फ्लॅटमध्ये वाढलेली आणि जरा जास्तच शहाणी होते.

त्या शुक्रवारी उपासनेनंतर प्रीतिभोजन होतं. येशूच्या शिष्यांच्या पहिल्या मंडळीत जेवण वाढायला निवडलेले ते सात जण तुम्ही आम्हा सात मुलांना वाटून दिलेत. प्रत्येकाने आपल्या माणसाबद्दल दोन वाक्यं बोलायची आणि मग पंगतीत वाढायचं. एकाला स्तेफन मिळाला, तो दगडांच्या माऱ्यात मेला. एकीला फिलिप्प, त्याला तर रथात बसायला मिळालं. मला पार्मिना. शास्त्रात शोधलं तर नुसतं नाव, पुढे काही नाही. मी फुरंगटून तुमच्याकडे आले.

"मावशी, ह्याचं काहीच नाहीये. मला दुसरा द्या ना."

"काही नाही कसं? वाढत होता की."

"पण मी बोलू काय?"

"नाव सांग आणि बादली उचल," म्हणालात आणि मटणाच्या रश्श्याची बादली माझ्या हातात दिलीत.

माझा सगळा राग त्या बादलीवर निघाला. पुढे बसलेल्या मैत्रिणींना मी शोधून शोधून तुकडे वाढले. मागे शारजा औद्योगिक क्षेत्रातून आलेली माणसं बसली होती, नगर-जालन्याकडची, वर्कशॉपमध्ये राबणारी, बसच्या वेळेवर डोळा ठेवून जेवणारी. त्यांच्यापर्यंत नुसतं पाणी पोचलं. त्यांनी तेच भातात कालवून घेतलं. तुम्ही मात्र पाहिलंत. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत माझी बिनपाण्याने होणार. पण तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि सांगितलंत, त्या पहिल्या मंडळीतही रोजच्या वाढपात दुसऱ्या भाषेच्या विधवा राहून जात होत्या, म्हणूनच तर ते सात निवडले. "तुझा पार्मिना त्यासाठीच होता गं. जा, त्यांच्यात बसून जेव. आणि प्रत्येकाला नाव विचार. ज्याला वाढायचं त्याचं नाव आपल्याला माहीत पाहिजे." मी मागे जाऊन बसते. पहिलाच माणूस हसतो. "नाव काय करती, पोरी? हितं समदे हेल्परच म्हणत्यात." मग सांगतो. त्याच्या शेजारचाही सांगतो. त्यांतली काही नावं मला अजून आठवतात.

तुमचा व्हिसा संपून तुम्ही गावी परत गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. तुम्ही फोन करायचात. "सुट्टीत पुण्याला येतेस ना? मग ये की एक दिवस." मी म्हणायचे, "इन्शाल्ला, मावशी," आणि तुम्ही हसायचात. पुण्यात खरेदी व्हायची, लग्नं व्हायची, तुमच्याकडे यायचं राहून जायचं. मग एका सकाळी ग्रुपवर निरोप आला: आपल्या संडे स्कूलच्या मावशी प्रभूत निजल्या. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. पाळकसाहेब नवीन होते, त्यांनी मला फोन केला. "ताई, तुम्ही त्यांच्या लाडक्या, असं सगळे म्हणतात. प्रार्थनेत घ्यायचंय, पूर्ण नाव काय त्यांचं?" मी मोबाइलमध्ये पाहिलं, तिथे ‘संडे स्कूल मावशी’. आईला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, सगळे मावशीच म्हणायचे." क्लिनिकात सिस्टर, इथे मावशी. तुमच्याच नंबरवर फोन लावून घरच्यांना विचारता आलं असतं, पण काय तोंडाने विचारणार होते, की आमच्या मावशींचं नाव काय? प्रार्थनेत तुम्हाला ‘आमची एक भगिनी’ म्हटलं गेलं आणि मी डोळे मिटून आमेन म्हणाले. इतकी वर्षं झाली, त्याची लाज काही जात नाही.

आज माझ्या लेकीला मी मुद्दाम पार्मिनाच दिला आणि वर्गाला तुमची बादलीची गोष्ट सांगितली. गाडीत बसता बसता ती म्हणाली, "शी साउंड्स सो नाइस, मम्मा. व्हॉट वॉज हर नेम?"

"यल्ला, चल, बेल्ट लाव, उशीर होतोय," मी म्हटलं.

कसला उशीर होत होता देव जाणे. मला तुमचे तांबारलेले डोळे आठवतात, बादलीच्या कडीचा हाताला पडलेला वळ आठवतो, ‘ये की एक दिवस’ म्हणतानाचा तुमचा आवाज आठवतो. मागच्या रांगेतल्या सगळ्यांना मी नाव विचारलं, मावशी, तुम्हाला तेवढं विचारायचं राहिलं. तुम्ही आमच्यासमोरच उभ्या होतात. पत्र लिहून झालं तसं सवयीने पाकीट घेतलं, त्यावर ‘मावशी’ लिहिलं, आणि पुढे काय लिहायचं ते मला येत नाही.