पट्टी नसलेला गुडघा

मी, खाली सही करणारी, वय बासष्ट, संघाचं सामान सांभाळणाऱ्याची विधवा, स्वतः अकरा वर्षं महिला संघात मधल्या फळीत पगारावर फुटबॉल खेळलेली, हे स्वहस्ते लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघ्याचं तसं म्हणवत नाही. कुणाची जबरदस्ती नाही. कायद्याची भाषा पुस्तकं वाचून शिकले, चुकलं तर सांभाळून घ्यावं.

१. राहत्या दोन खोल्या मुलीला. तीही मधल्या फळीतच खेळते. "आई, करार संपला की संघाची खोली सोडावी लागेल, मग जाऊ कुठे?" म्हणते. इथे ये.

२. पुस्तकं ग्रंथपालबाईंना. त्यांतली तीन त्यांच्याच ग्रंथालयाची आहेत. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

३. आमच्या यांचा पट्ट्यांचा डबा कुणालाच नाही, फेकून द्यावा. पट्टी दिसली की समोरच्या मुली नेमकी तिथेच लाथ घालतात, म्हणून हे माझ्या चांगल्या पायाला पट्टी बांधत. तीस वर्षांपूर्वी एका सामन्यात मध्यंतराला संघाचे डॉक्टर घाईत आले, पट्टी पाहिली आणि बधिर करायचं इंजेक्शन चांगल्याच गुडघ्यात दिलं. मी गप्प राहिले. बोलले असते तर बाहेर बसवलं असतं. एक पाय बधिर, दुसरा फाटलेला, तशी शेवटपर्यंत धावले. पुन्हा मैदानात उतरले नाही. "माझ्याच हातानं बांधली गं," हे शेवटपर्यंत मला म्हणत राहिले. यांना जाऊन सहा वर्षं झाली.

४. डॉक्टरांना मी तीस वर्षं रस्त्यात ओळख दाखवली नाही. तो राग मुलीच्या वाट्याला ठेवत नाही. मी शुद्धीत असल्याचा दाखला त्यांच्याकडूनच घेते आहे.

५. गेल्या रविवारी मुलगी आली. पट्टी उजव्या गुडघ्याला, लंगडत होती डाव्यानं.
"कुणी बांधली?"
"मीच. बाबांनी शिकवलेली."
म्हणून घराची किल्ली तिला आजच देते आहे, माझ्या मरणाची वाट न पाहता. खेळ की थांब, ते मी लिहिणार नाही. छपरासाठी मात्र खेळू नकोस.

ठिकाण : माझं स्वयंपाकघर. शनिवार, तारीख चौदा, सकाळ.

सही : (माझी)

साक्षीदार १ : वरच्या मजल्यावरची शिंपीण. तिला यातून काही मिळत नाही, म्हणूनच बोलावली.
साक्षीदार २ : डॉक्टर.

सह्यांनंतरची नोंद : डॉक्टरांनी पेन ठेवलं आणि किल्ली घ्यायला आलेल्या मुलीकडे वळले. "पट्टी राहू दे, बाळ. दुखतो कुठला?"
तिनं माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या पायाची विजार हळूहळू वर केली.