पश्चिमेकडचे दोन दिवे

प्रिय उमेरा,

तुझ्या अब्बांनी, माझ्या चाचांनी, तुले फोनवर सांगितलं की गाडी घसरली अन् हात मोडला. खोटं आहे ते. गाडी घसरलीच नाही. तू तिकडं हैदराबादले, तुले हे कोणी सांगणार नाही, अन् फोनवर माझी जीभ वळत नाही, म्हणून लिहून राह्यली. शाळेत मी पोरायले शुद्ध शिकवते, पण आज तुझ्याशी शुद्ध लिहायले बसली तर नक्की काहीतरी लपवीन.

मृग लागायच्या आधीचं आभाळ आठवते तुले? वणीले तुमच्या गॅरेजच्या छतावर चाचा आपल्या दोघींले बसवायचे. डोक्यावर केशरी स्वाती, उत्तरेले सप्तर्षी, अन् दक्षिणेकडून शेपटी ओढत वर येणारा विंचू. कोळशाच्या धुळीनं तारे पुसट दिसले की चाचा धुळीले शिव्या घालायचे अन् तू हसत सुटायची. यंदा दिवस मावळला की पश्चिमेले शुक्र अन् गुरू दिसतात. दोघंही झळझळीत, रोज थोडे थोडे एकमेकांजवळ सरकून राह्यले. किती सुंदर दिसते, काय सांगू! अन् मुकुटबनच्या अलीकडच्या आमच्या या गावानं काय ठरवलं? चोरांचे ड्रोन. घरं हेरून राह्यले म्हणे.

गस्तीची टोळी काढली माझ्या धाकट्या भावानं, इंद्रजितनं. बारावीत दोनदा नापास झालेलं पोरगं, पहिल्यांदाच गाव त्याचं ऐकत होतं. लोकायनं मले विचारलं, मॅडम, तुम्ही सांगा, हे काय होय? मले ठाऊक होतं ना! पण चारचौघांत त्याचं तोंड कसं पाडू? हसत म्हटलं, असेल बाप्पा, लक्ष ठेवा. झालं. मॅडमनं बी सांगितलं म्हणून दुसऱ्या दिवशी काठ्या दुप्पट झाल्या.

मग मात्र मी भ्याली. स्वतः बोलायची हिंमत नाही, म्हणून चाचाले फोन केला. दुर्बीण घेऊन या, लोकायले दाखवा, तुमचं ऐकतील. ते लगेच निघाले. पाण्याच्या पाइपात भिंगं बसवून स्वतः केलेली त्यांची ती दुर्बीण, गाडीच्या मागं बांधलेली. आठ वाजले असतील. गावाच्या तोंडाशीच अडवलं. पाइप पाहून कोणीतरी ओरडलं, सापडला रे, ड्रोनवाला सापडला!

मी दहा पावलांवर होती, उमेरा. चाचांनी मले पाह्यलं. कोणाकडं आला, कोणाकडं आला, असं सगळे विचारत होते. मले वाटलं, आता माझं नाव घेतील. अन् खरं सांगते, नाही घेतलं तर बरं, असंही वाटलं. ते म्हणाले, रस्ता चुकलो. तीस वर्षं याच रस्त्यावर बंद पडलेले ट्रक दुरुस्त करत फिरलेला माणूस रस्ता चुकेल काय? मले वाचवायले बोलले ते. पहिली काठी इंद्रजितची होती. मग मी ओरडली, पण तोवर उजवा हात गेला होता. डॉक्टर म्हणतात, दोन बोटं आता वळणार नाहीत. पाना धरायचा हात आहे तो.

पोलिसांलेही चाचांनी गाडी घसरल्याचंच सांगितलं. दवाखान्यात मले म्हणाले, बेटी, पोरगं आहे, जाऊ दे, तुले त्याच गावात राहायचं आहे. काल आई माझ्या पाया पडली. ती उद्या परत पाया पडली तर मी विरघळीन, मले माझीच खात्री नाही. म्हणून आधी हे पत्र पोस्टात टाकते, अन् मग ठाण्यात बयान द्यायले जाते. त्यात पहिलं नाव इंद्रजितचं राहील, दुसरं माझं. तुले सारं कळलं म्हणजे मले मागं फिरता येणार नाही.

म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझीच,
जया